एक मुल मुल बसस्टँडवर

नेटवर्क गेलं की मूल गावात शांतता नांदायची आणि माझ्या दारावर थाप पडायची.

"टॉवरसाहेब, रेंज काऊन नाई?"

दारात माझे घरमालक. अंगात बनियन, चष्मा कपाळावर, आणि मोबाईल असा हातात धरलेला की जणू उन्हानं चक्कर येऊन पडलेलं कोंबडं आहे आणि मी त्याच्या चोचीत पाणी सोडायचं आहे. मी तेव्हा त्या भागातल्या मोबाईल टॉवरच्या देखभालीवर होतो. त्यामुळे रेंज ही माझ्या खिशात असते आणि मी ती चिंधीपणानं सोडतो, अशी त्यांची समजूत होती.

"भाऊ, व्याहाडकडं केबल तुटली. दुपारपर्यंत होईल."

"दुपारपर्यंत? अन् त्या नगरसेवकानं सकाळी 'आर्शिवाद' लिवला, थो दुपारपर्यंत तसाच राहू देऊ का?"

आशीर्वादावरचा रफार चुकीच्या अक्षरावर दुपारपर्यंत बसून राहिला असता तर गावावर कोणतं संकट कोसळणार होतं, ते मला कधी कळलं नाही. पण भाऊंचा चेहरा पाहून मी मुकाट्यानं गाडीला किक मारायचो.

सगळं गाव त्यांना भाऊच म्हणायचं. राईस मिलचे मालक. म्हणजे होते. मिल आता मुलगा बघायचा. भाऊ रोज मिलमध्ये जाऊन गादीवर बसत आणि मुलानं केलेला प्रत्येक सौदा कसा चुकला ते गिऱ्हाइकासमोरच समजावून सांगत. मुलगा शहाणा होता. भांडला नाही. वाढदिवसाला त्यानं वडिलांच्या हातात एक मोठा मोबाईल ठेवला आणि गावाच्या ग्रुपमध्ये त्यांचा नंबर घालून दिला. भाऊ मिलकडं फिरकायचे बंद झाले. मिल सावरली. गावाचं काय व्हायचं ते झालं.

ग्रुपमध्ये गेल्या गेल्या त्यांनी पाहिलं ते ग्रुपचं नाव. 'आपल मुल'. दोन शब्दांत दोन चुका. गाव मूल, त्यातला मू दीर्घ. पण गावातली अर्धी दुकानं, निम्मे फलक आणि बहुतेक सगळ्या लग्नपत्रिका ऱ्हस्व मुलवर सुखानं नांदत होत्या. भाऊंना हे सहन होईना. त्यांनी ज्या पोरानं ग्रुप काढला होता त्याला चहाला बोलावलं, चिवडा खाऊ घातला आणि अॅडमिनपद काढून घेतलं. ग्रुपचं नाव 'आपले मूल' झालं. मग कोणीतरी ते परत 'मुल' करायचं. भाऊ परत 'मूल' करायचे. तो उकार काही महिने असा आखूड-लांब होत राहिला. शेवटी भाऊंनी नाव बदलायची सोयच बंद करून टाकली.

गंमत अशी की हे शुद्धलेखनाचे पहारेकरी बोलायचे मात्र अस्सल झाडीपट्टीतलं. घरात 'मले', 'तुले', 'काऊन', 'कुठी' याशिवाय शब्द नाही. मी एकदा धाडस करून विचारलंच. त्यांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं.

"बोलनं येगळं, लिवनं येगळं. घरात बनियनवर बसतो म्हनून मानूस लग्नाले बनियनवर जाते का जी?"

ग्रुपवर ते कायम लग्नालाच निघालेले असत. कोणी लिहिलं, 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्या', की यांचं खाली आलंच: 'शुभे-च्या म्हणजे कोणाच्या? शुभेच्छा लिहावे.' ज्याचा वाढदिवस तो बिचारा दिवसभर आभार मानायलाही धजायचा नाही, कारण 'धन्यवाद'मध्येही आपण कुठंतरी घसरू अशी त्याला धास्ती. एकदा त्याच नगरसेवकानं रागारागानं लिहिलं की माझ्या अपरोक्ष माझी बदनामी चालली आहे. भाऊंनी लगेच खुलासा केला: 'परोक्ष म्हणजे डोळ्यांआड. अपरोक्ष म्हणजे डोळ्यांसमोर. याचा अर्थ, बदनामी आपल्यासमोर झाली आणि आपण ऐकून घेतली.' बदनामी कोणी केली हे बाजूला राहिलं. नगरसेवक गप्प का बसला यावर पानठेल्यांवर पुढं कितीतरी दिवस चर्चा चालली.

अर्ध्या गावानं ग्रुपचा आवाज बंद करून ठेवला होता. मीही. न घाबरणारा एकच होता, सुकरू.

सुकरू ढिवर समाजाचा. तलावातली मासोळी काढायचा आणि बसस्टँडच्या कोपऱ्यावर विकायचा. आवाज मोठा, मिशी त्याहून मोठी. ताज्या मासोळीचे फोटो रोज ग्रुपवर टाकायचा आणि भाऊंच्या प्रत्येक दुरुस्तीला 'हो जी' म्हणून पुन्हा तीच चूक करायचा. एकदा भाऊ कोणत्या तरी वादात लिहून गेले, 'काही मंडळी मला पाण्यात पाहतात.' पाण्यात पाहणे म्हणजे मनात द्वेष धरणे, हे पुस्तकातलं मराठी. सुकरूनं खाली लिहिलं, 'आमी त रोजच पान्यात पाह्यतो भाऊ. पाह्यल्याबिगर मासा कसा दिसन?' भाऊंनी वाक्प्रचाराचा अर्थ सविस्तर लिहिला. सुकरूनं उत्तरादाखल एका मोठ्या रोहूचा फोटो टाकला, आणि त्या फोटोला जेवढे अंगठे मिळाले तेवढे भाऊंच्या सगळ्या दुरुस्त्यांना मिळून मिळाले नव्हते.

पण भाऊंनी त्याला एकदा गाठलंच. सुकरूची लेक दहावी पास झाली तेव्हा त्यानं लिहिलं, 'माह्या पोट्टीनं नाव काढलं.' भाऊंनी लिहिलं, 'अभिनंदन. मात्र पोट्टी हा शब्द लेखनात शोभत नाही. मुलगी लिहावे, किंवा सरसकट मूल म्हणावे.' यावर पहिल्यांदाच सुकरूचं 'हो जी' आलं नाही. माझ्याजवळ तो एवढंच बोलला, "पोरीच्या आनंदात बी लाल पेन घालते हा मानूस." पण त्यानं ते मनाला लावून घेतलं असावं, हे पुढं दिसलं.

तो लग्नसराईचा उन्हाळी रविवार होता. मी खाली पडवीत चहा पीत बसलो होतो. काकू, म्हणजे घरमालकीणबाई, चिंचा फोडत होत्या. भाऊ दिवाणावर. एक बोट मोबाईलवर, भुवया वर, म्हणजे काम जोरात चाललं होतं.

सकाळीच सुकरूनं ग्रुपवर एक फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं: 'एक मुल मुल बसस्टँड वर भेटल आहे. लाल फराक. नाव सांगत नाही. रडुन राह्यली. कोनाच असल त लवकर या.'

पोट्टी म्हणायचं नाही असं ठरलेलं, म्हणून त्यानं बिचाऱ्यानं 'मूल' लिहायचा प्रयत्न केला होता. आणि लिहिलं ते नेमकं 'मुल'. तेही दोनदा.

भाऊंचं उत्तर आलं: 'मुल नव्हे, मूल, दोन्ही ठिकाणी. तसेच, माणूस ठरवून भेटतो; हरवलेले ते सापडते. सबब, एक मूल मूल बसस्थानकावर सापडले आहे, असे लिहावे.'

एवढ्यावर मिटतं तर मूल गाव कसलं? एका निवृत्त तलाठ्यानं लिहिलं की सापडतो तो चोर. मूल 'मिळाले' म्हणावे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एकानं त्याला हटकलं: मिळतं ते बक्षीस. आमच्याकडं सगळं भेटतंच, पैसेही भेटतात आणि बसही भेटते, मग लेकरू का नाही भेटणार, असं एका किराणावाल्याचं म्हणणं पडलं. त्यावर भाऊंनी त्याला 'भेटणे' या क्रियापदाचा अर्थ तीन वेगवेगळ्या निरोपांत समजावला. गावात एक हौशी कवी होते, त्यांनी सुचवलं की 'मूल लाभले' हा प्रयोग अधिक भावपूर्ण आहे. भाऊंनी त्यांना खडसावलं, 'लाभले म्हणजे प्रसूती झाली.' नेमका तेवढाच निरोप वाचून कोणीतरी लिहिलं, 'अभिनंदन सुकरूभाऊ! पेढे कधी?' आणि मग पेढ्यांची, फुलांची, हात जोडलेली चित्रं ओळीनं यायला लागली.

"का चाल्लं वो सकाळपासून?" काकूंनी विचारलं.

भाऊंना श्रोता हवाच होता. त्यांनी सुकरूचा निरोप मोठ्यानं वाचून दाखवला, प्रत्येक चुकीवर थांबून. मग आपली दुरुस्ती वाचली. मग तलाठ्याची लबाडी. काकू चिंचा फोडत ऐकत होत्या.

"मंग? त्या लेकराचं का झालं?"

"कोनतं लेकरू?" भाऊ म्हणाले.

काकूंचा हात थांबला. मीही कप खाली ठेवला.

"अवो, थे बसस्टँडवर रडून राह्यली थे!"

भाऊंनी काकूंकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि मग बोटानं ते सगळं मागं मागं सरकवायला लागले. पेढे गेले, फुलं गेली, लाभले-मिळाले-सापडले गेलं. शेवटी फोटो आला. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि फोटो मोठा केला. सकाळपासून त्या निरोपाचं अक्षर न् अक्षर त्यांना पाठ झालं होतं. फोटो ते पहिल्यांदाच पाहत होते.

"गाडी काढा," ते म्हणाले. मोबाईल दिवाणावर तसाच टाकून ते फाटकाकडं चालायला लागले. काकूंनी त्यांचा शर्ट माझ्या हातात कोंबला.

बसस्टँडवर सिमेंटच्या बाकावर ती पोरगी बसली होती. पाचेक वर्षांची असेल. रडून रडून आवाज बसलेला. शेजारी सुकरू वर्तमानपत्रानं वारा घालत होता. बिस्किटाचा पुडा न फोडता तसाच. बायांचा गराडा. भोंग्यावरून दोनदा पुकारून झालं होतं, पोलीसही येऊन विचारून गेले होते. पोरगी कोणालाच उत्तर देत नव्हती.

"मुकी हाये वाट्टे," एक बाई म्हणाली.

"मुकी नाई," सुकरू म्हणाला, "आपलं बोलनं तिले समजून नाई राह्यलं." मग त्याला भाऊ दिसले. तो उठला नाही. "या भाऊ. मूल पाहाले आले का? का ऊकार पाहाले?"

शर्टाच्या गुंड्या लावता लावता भाऊंनी पोरीकडं नीट पाहिलं, तिच्या गळ्यातल्या बारीक मण्यांकडं पाहिलं, आणि तिच्यासमोर जमिनीवर फतकल मारून बसले. सुकरूची पाण्याची बाटली उचलली, पुढं केली आणि म्हणाले, "एर?"

एर म्हणजे गोंडीत पाणी. मिलवर डोंगराकडचे हमाल असत. त्यांच्याकडून ऐकून ऐकून भाऊंना चार शब्द येत होते, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

पोरीनं हुंदका अर्धाच ठेवला. "येर," ती म्हणाली.

"एर," भाऊ म्हणाले.

"येर!" पोरगी चिडून म्हणाली.

"येर," भाऊ म्हणाले. तेव्हा तिनं बाटली घेतली.

मग भाऊंनी एक वाक्य जुळवलं. ते इतकं चुकलं असावं की पोरीनं तोंडावर हात धरला. तिनं ते बरोबर करून दिलं. भाऊंनी तिच्यामागून म्हटलं, पुन्हा चुकलं, तिनं पुन्हा सांगितलं. आता ती हसत होती. या माणसाला साधं बोलता येत नाही म्हटल्यावर तिची भीतीच गेली. गावात ज्यांच्या वेलांटीला हात लावायची कोणाची छाती नव्हती ते भाऊ, बसस्टँडच्या धुळीत बसून, एका फराकवालीकडून शब्दाशब्दाला बोलणी खात होते आणि मान डोलवत होते. मुद्दाम चुकत होते का, असं मी त्यांना नंतर विचारलं. "नाई जी," ते म्हणाले, "मले तेवढीच येते."

त्या चुकतमाकत बोलण्यातून एवढं कळलं: पोरगी जिवतीकडच्या डोंगरातली. आईबरोबर मामाच्या घरी, गडचिरोलीकडं निघाली होती. बस थांबली, आईचा डोळा लागलेला, ही नळावर पाणी प्यायला उतरली. बस गेली.

"ग्रुपवर टाका," सुकरू म्हणाला. त्याचा स्वतःचा मोबाईल पेढ्यांच्या निरोपांनी थरथरत होता, म्हणून त्यानं तो वैतागून मासोळीच्या पेटीवर पालथा टाकला होता. भाऊंचा घरी राहिलेला. मी माझा काढला आणि ग्रुप उघडला. लिहिण्याआधी मागचं पाहत होतो तो लाभले आणि मिळाले यांच्या मधोमध एक निरोप सापडला. भेटला. काय असेल ते. गडचिरोलीच्या वाटेवरच्या सावली गावातल्या, पण मूळच्या आमच्याच गावच्या एका चहावाल्याचा: 'सावलीच्या स्टँडवर येक बाई पोरीले शोधून राह्यली. जिवतीकडची हाये. लय रडते.'

मी मोठ्यानं वाचलं. सुकरूनं माझ्या खांद्यावरून मोबाईलमध्ये डोकावलं आणि त्याखालचं उत्तरही वाचलं. शाळेतलं पोरगं धडा वाचतं तसं, सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"'शोधून राहिली असा प्रयोग मराठीत नाही. शोधत आहे, असे लिहावे.'"

लिहिणाऱ्याचं नाव सुकरूनं वाचलं नाही. भाऊ पोरीच्या बाटलीचं झाकण फिरवत होते. ते लागलेलंच होतं, तरी फिरवत राहिले.

चहावाल्याला फोन लावला. बाई अजून तिथंच होती. पोरगी चंद्रपूरला राहिली, मूलला राहिली की आणखी कुठं, तिला काहीच सुधरत नव्हतं. तिथल्या एका जीपवाल्यानं तिला आणून सोडलं. तिनं उतरल्या उतरल्या पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिला छातीशी धरून तिथंच खाली बसली. आमच्यापैकी कोणाकडंही तिनं पाहिलं नाही. पाहायचं कारणही नव्हतं. पुढच्या बसनं दोघी गेल्या.

भाऊ घरी आले, तर मोबाईलवर पेढे अजून येतच होते. आणि त्यांच्या खाली एक ओळ: सुकरू यांनी ग्रुप सोडला.

भाऊंनी त्याला परत घातलं. तो परत गेला. पुन्हा घातलं, पुन्हा गेला. तेव्हा भाऊ माझ्या दाराशी आले. रेंज होती, तरी आले.

"तलावाकडं चालता का जी?"

सुकरू तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाळं वाळवत होता. "या जी," म्हणाला, पण हातातलं काम सोडलं नाही.

"ग्रुप काऊन सोडला?" भाऊंनी विचारलं.

"असाच."

"मी तुले आता काई म्हननार नाई. तुले जसं येते तसं लिव."

सुकरूनं जाळ्यातली एक काडी काढून फेकली.

"लिवता येत नाई म्हनून सोडलो असं वाटते का तुमाले? मले जसं येते तसंच लिवत होतो ना इतले दिवस." त्यानं जाळं खाली ठेवलं. "मी लिवलो, लेकरू रडून राह्यलं. थो सावलीवाला लिवला, माय शोधून राह्यली. दोनी तुमच्या डोळ्याखालून गेले. तुमी तपासता भाऊ. वाचत नाई."

परतताना भाऊंनी गाडीवर मागं बसून मोबाईलला हातही लावला नाही. मला वाटलं, सुटलो. माणूस सुधारला. पण विक्षिप्त माणसं सुधारत नसतात, ती फक्त दिशा बदलतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी सूर्योदयाचं चित्र टाकून 'शुभ सकाल' लिहिलं. सगळं गाव श्वास रोखून बसलं. भाऊंचं उत्तर आलं: 'वाचले.' एवढंच. मग धानाचे भाव आले, 'वाचले.' नळाला पाणी येणार नाही, 'वाचले.' कवीची नवी कविता, 'वाचले.' ती कविता वाचली गेल्याचा हा पहिलाच पुरावा असल्यामुळे कवी गहिवरले. एकही निरोप भाऊ चुकवेनात. कौतुक नाही, दुरुस्ती नाही. सगळ्यांना सारखंच, पोचपावतीसारखं.

आणि मग वॉर्डातली एक म्हातारी वारली. तिच्या नातवानं लिहिलं, 'आमची आजी आज सकाळी गेली. अंत्यविधी दुपारी.' भाऊंनी तत्परतेनं खाली लिहिलं: 'वाचले.'

आता 'वाचले' म्हणजे मी वाचून काढलं, आणि 'वाचले' म्हणजे जीव वाचला. गावातलं ज्येष्ठ, जबाबदार, आणि मुख्य म्हणजे कधीही चुकीचा शब्द न वापरणारं माणूस लिहितंय म्हटल्यावर लोकांनी दुसराच अर्थ धरला. म्हातारीचे भाचे नागपूरहून निघाले होते, ते सिंदेवाहीला गाडी थांबवून नाश्ता करायला बसले. एकीनं नवस बोललेला नारळ फोडला. घरी फोनवर फोन: "कशी हाये आता? बोलून राह्यली का?" नातवाला कळेना काय चाललंय. भाऊ स्वतः त्याच्या दारात जाऊन हात जोडून उभे राहिले, तेव्हा उलगडा झाला.

त्या संध्याकाळी ग्रुपवर ओळ आली: सुकरू सामील झाले. नंतर मला म्हणाला, "इतली मजा सोडून बाहेर कोन राहीन जी?" त्यानं भाऊंना सगळ्यांदेखत सल्ला दिला: 'भाऊ वाचले लिवू नका. घोटाळा होते. आपल्या बोलीत लिवा. मी वाचलो.'

झाडीपट्टीत 'मी भाकर खाल्ली' नसतं, 'मी भाकर खाल्लो' असतं. तसं 'मी वाचलो'. म्हणजे मी वाचलं. त्यात गावातल्या कोणाचाच घोटाळा होणार नव्हता. पण हे भाऊ लिहितील, यावर एक कप चहाची पैज लावायलाही कोणी तयार नव्हतं.

पुढं माझी ब्रह्मपुरीला बदली झाली. ग्रुप मात्र मी सोडला नव्हता. एका दुपारी टॉवरखालच्या सावलीत डबा खाताना निरोप आला की भाऊंशी शब्दाशब्दाला भांडणारे ते निवृत्त तलाठी वारले. मी घास हातात धरून थांबलो. थोड्या वेळानं भाऊंची ओळ उमटली.

'मी वाचलो.'

मूलमधून सगळ्यांचे जोडलेले हात आले. कोणाला काही खटकलं नाही. फक्त तलाठ्यांचे पुण्याचे जावई नवे होते ग्रुपमध्ये. त्यांनी, सासरा गेल्याच्या दुःखातही, मोठ्या सभ्यपणे विचारलं, 'आपण सुखरूप आहात हे वाचून बरे वाटले, काका. आपल्याला काय झाले होते?'

बराच वेळ वर 'लिहीत आहे' असं दिसत राहिलं. भाऊ एका बोटानं लिहितात.

'काई नाई जी,' शेवटी आलं. 'थोडा उशिरा वाचलो.'